बारापैकी चार

फुटबॉल लीगच्या भरपाई मंडळवाल्यांनो, तुम्ही जेव्हॉरिस व्हिटलोला जन्माचा मठ्ठ ठरवलंत. कागदावर, सही-शिक्क्यानिशी. तुमच्या भाषेत ते सभ्य दिसतं: ‘अर्जदाराच्या स्मरणशक्तीत खेळामुळे घट झाल्याचे आढळत नाही.’ म्हणजे काय, तर डोकं आधीपासूनच असलं होतं, आम्ही काही केलं नाही.

लट्रीसने ते पत्र स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाचलं. कोंबड्या कापायच्या कारखान्यातली पाळी संपवून ती नुकतीच आली होती, हातांना क्लोरीनचा वास तसाच होता. तिचा नवरा टेबलाशी बसून उकडलेल्या शेंगा सोलत होता. दाणे बाजूला ठेवत होता आणि टरफलं खात होता.

“जे, थुंक ते.”

“येस मॅम.”

बायकोला मॅम. दोन महिने झाले, तिचं नाव त्याला कधी सापडायचं, कधी नाही. वय वर्षं छत्तीस.

हाच माणूस सहा हंगाम व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळला. रनिंग बॅक. म्हणजे बॉल पोटाशी कवटाळायचा आणि समोर दीड-दीडशे किलोंच्या गड्यांची भिंत उभी असते तिच्यात फट दिसो न दिसो, डोकं खाली घालून घुसायचं. शाळेत होता तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी आमचं गाव दुकानं बंद करून त्याला बघायला लोटायचं. रविवारी पाद्रीबाबा प्रवचनात येशूच्या आधी तो बॉल घेऊन किती यार्ड धावला ते सांगायचे. पुढे मोठ्या संघात गेला आणि हंगामाला तीनशे वेळा बॉल त्याच्या पोटात कोंबला जाऊ लागला. तीनशे वेळा म्हणजे तीनशे अपघात. गुडघा गेला, खांदा गेला. तिशीच्या आतच एका मंगळवारी सकाळी तो सरावाला पोचला, तर त्याच्या कपाटावर दुसऱ्याच पोराच्या नावाची पट्टी चिकटवून झाली होती.

लट्रीसला तुमच्याकडून हवं होतं ते एवढंच: ही इजा खेळाने झाली, असं मान्य करा. केलंत तर त्याला मेंदूच्या रुग्णांच्या निवासात जागा मिळणार होती. तिथे डॉक्टर असतात, दिवसरात्र माणसं असतात. नाही केलंत तर ती कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावत होती, तेच चालू राहणार होतं. आदल्या आठवड्यात बंद दाराला घाबरून तो खिडकीतून बाहेर आला. काचेसकट. अठरा टाके पडले. शेजारीण म्हणाली, “अगं, खांदा पुढे काढून आला, अगदी मैदानात यायचा तसा. मला टाळी वाजवावीशी वाटली आणि मग रडू आलं.”

पत्रासोबत एक तक्ता होता. दर उन्हाळ्यात सराव सुरू होण्याआधी संघ एक चाचणी घ्यायचा. बारा शब्द ऐकवायचे, जरा वेळाने किती आठवतात ते विचारायचं. पुढे डोक्याला मार लागला की परत तीच चाचणी. आकडा घसरला तर मैदानाबाहेर. जेव्हॉरिस, वय तेवीस, पहिला उन्हाळा: बारापैकी चार. जेव्हॉरिस, वय छत्तीस, तुमच्या डॉक्टरीणबाईंसमोर: बारापैकी चार.

लट्रीस कॉलेजपासून त्याला ओळखत होती. तिच्या सगळ्या मावश्यांचे वाढदिवस त्याला तोंडपाठ असायचे, तिला स्वतःला नसायचे. चार कसे?

ती थेट शाळेच्या मैदानावर गेली. कॉर्नेल टिब्स तिथे पोरांना शिकवतो. सहाही हंगाम तो जेव्हॉरिसच्या पुढे धावायचा, अंगावर माणसं घेऊन त्याला वाट काढून द्यायचा. आता भर उन्हात यंत्र ढकलत गवतावर पांढरे पट्टे मारत होता.

“सिस, एवढ्या उन्हात? तुझी मम्मा बरी आहे ना?” मित्राच्या बायकोला तो बहीणच म्हणायचा.

“मम्मा ठणठणीत आहे. त्याचे चार कसे, कॉर्नेल?”

त्याने यंत्र थांबवलं नाही. पट्टा मात्र वाकडा गेला.

“मीच सांगितलं त्याला,” तो म्हणाला. “सगळेच करायचो. नवा पोरगा आला की जुना त्याला कोपऱ्यात घ्यायचा. चाचणीत गाढव हो, शब्द आठवले तरी गिळ. म्हणजे पुढे डोकं आपटलं तरी आकडा तेवढाच येतो, कोणी बसवत नाही. रनिंग बॅक एक रविवार बसला ना सिस, तर पुढच्या रविवारी त्याच्या जागी दुसरा. जे मला म्हणाला, बाराच्या बारा येतायत रे, चार सांगू की तीन? मी म्हटलं, तीन सांगितलेस तर बालवाडीत पाठवतील.”

तो हसायला गेला. जमलं नाही.

“किती वेळा आपटलं त्याचं डोकं?”

“मोजायचं असतं तर खोटं कशाला बोललो असतो?”

“चल माझ्याबरोबर. मंडळासमोर हेच सांग.”

“माझाही अर्ज पडलाय तिथे,” कॉर्नेल खाली बघून म्हणाला. “माझे पाच आहेत.”

“मग एकाने हुशार आहेस त्याच्यापेक्षा. चल.”

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला विचारलं, “जे, चाचणीत तू मुद्दाम चुकलास ना?”

तो ताडकन उठला. “मी? खोटं बोललो तर मम्मा जिवंत ठेवेल का मला? आत्ता कामावरून येईल ती!”

त्याच्या आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

“कॉर्नेल म्हणतो की…”

“कॉर्नेल कोण?”

मग ते तिघं अटलांटाला आले, तुमच्यासमोर. गाडीत चार तास लट्रीसने त्याच्याकडून एकच शब्द घोकून घेतला. बारा. विचारलं की सांगायचं, बारा. कॉर्नेल चर्चचा सूट घालून उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं, स्वतःच्या पाचासकट. तुमचे अध्यक्ष फार सभ्य गृहस्थ. पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, “मिस्टर टिब्स, म्हणजे अर्जदाराने आमच्या डॉक्टरांना फसवलं, असं आपलं म्हणणं?”

“हो सर. मीही फसवलं.”

“मग तेव्हा फसवणारा माणूस आज फसवत नाही, हे आम्ही कशावरून मानायचं?” आणि जेव्हॉरिसकडे वळून, “मिस्टर व्हिटलो, त्या दिवशी आपल्याला खरोखर किती शब्द आठवत होते?”

लट्रीसने टेबलाखाली त्याचा गुडघा दाबला.

“येस सर,” जेव्हॉरिस म्हणाला.

“किती?”

त्याने अध्यक्षांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. आयुष्यभर तो कोचच्या चेहऱ्याकडे असाच बघत आला होता, काय केलं म्हणजे हा माणूस खूश होईल ते शोधत. मग अदबीने म्हणाला, “आपल्याला किती हवेत, सर?”

तुमच्यातला एक जण हसला. लट्रीसने त्याचा चेहरा लक्षात ठेवलाय.

दुसरं पत्र अकरा दिवसांत आलं. ‘अर्जदाराची उत्तरे विश्वासार्ह नाहीत.’ कॉर्नेलचा अर्जही त्याच टपालाने फेटाळून आला.

तर आता विश्वासार्ह माणसांनी बोलावं. तेवीस वर्षांच्या धडधाकट पोराला बारातले आठ शब्द आठवत नाहीत, असं तुमच्या डॉक्टरांनी लिहिलं आणि त्याच कागदाच्या तळाशी ‘खेळण्यास योग्य’ म्हणून सही केली. त्याच्या शेजारच्याला पाच आठवले, पलीकडच्याला तीन. अख्खा संघ एकाच उन्हाळ्यात मठ्ठ निघाला आणि तुमच्यातल्या एकालाही चौकशी करावीशी वाटली नाही. ते चार खरे होते, तर असल्या आजारी डोक्याला हंगामात तीनशे वेळा भिंतीवर का सोडलंत? खोटे होते आणि तुम्हाला ते कळत होतं, तर आज ते खरे कसे झाले? दोन्हीपैकी एकाचं उत्तर द्या. लेखी द्या, लट्रीस व्हिटलोच्या नावे, आणि खाली सही करणाऱ्याचं पूर्ण नाव लिहा.