आठशे ग्रॅमची मुंगी

मित्रांनो, दोन किलोंच्या पलीकडचे जग मला ठाऊक नाही. माझ्या तबकडीवर आकडेच तेवढे आहेत. मी टपाल कचेरीतला एक जुना वजनकाटा. वर पोलादी पाळे, पोटात स्प्रिंग, पाठीला काटा शून्यावर आणायचा एक स्क्रू. कारखान्यातून निघालो तेव्हा पाच ग्रॅमचाही फरक मला कळत असे आणि अजूनही कळतो, एवढे मात्र अभिमानाने सांगतो.

कचेरीत मी सव्वीस वर्षे पाकिटे आणि पुडकी तोलली. खिडकीतले कारकून म्हणत, "याच्याशी हुज्जत घालू नका, हा सांगतो ते खरं." मग विजेवर चालणारी यंत्रे आली आणि मला मागच्या खोलीत फाटक्या गोण्यांवर ठेवून दिले. तिथे मी किती वर्षे धूळ खाल्ली, सांगता येणार नाही. एक दिवस जुने सामान विकायला काढले, तेव्हा पडदे शिवणाऱ्या एका बाईने मला उचलले, बोटाने पाळे दाबून पाहिले आणि पिशवीत घातले.

तिची नणंद तिला वहिनी म्हणते, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. वहिनीचा नवरा लांबच्या पल्ल्याची मालगाडी चालवतो, पंधरवड्यातून एकदा घरी येतो. एरवी घरात वहिनी, तिचे शिवणयंत्र आणि पडद्यांचे ढीग. नणंद गावातल्या प्राणी निवाऱ्यात खिडकीवर काम करते. मला घरात आणायला कारण झाला तिचाच एक फोन.

"वहिनी, मांजराची चार पिल्लं आलीत. गटार खणणाऱ्यांना सापडली. आईचा पत्ता नाही, डोळेसुद्धा उघडले नाहीत."

"मग मी काय करू, वन्सं?"

"बाटलीवरची पिल्लं आम्ही ठेवून घेत नाही. पाचपर्यंत तात्पुरतं घर मिळालं नाही, तर नियमाप्रमाणे त्यांना सुई देऊन कायमचं झोपवतात. आत्ता सव्वाचार झालेत."

वहिनीने हातातला पडदा तसाच यंत्राखाली सोडला आणि चपला घातल्या.

पिल्लांचे वजन रोज करायचे असते, म्हणून दुसऱ्या दिवशी मी आलो. माझे पाळे थंड लागेल, म्हणून वहिनीने त्यात मखमलीचा तुकडा घातला आणि स्क्रू फिरवून काटा पुन्हा शून्यावर आणला. सव्वीस वर्षांत माझा एवढा विचार कोणी केला नव्हता. मग तिने पिल्ले एकेक करून ठेवली. एकशे तीस. एकशे पंचवीस. एकशे पंधरा. शेवटचे पंच्याऐंशी. मित्रांनो, पंच्याऐंशी ग्रॅम म्हणजे चार-पाच जाडजूड पत्रे. पण पत्र कधी थरथरत नाही. हे थरथरत होते.

सगळ्यात जड तो ढोल्या झाला. डोळ्यांभोवती काळी रेघ असलेली ती काजळी. पाळ्यात क्षणभर स्थिर न राहणारा तो चुळबुळ्या, त्याच्यामुळे माझा काटा नुसता नाचत असे. आणि पंच्याऐंशीची ती मुंगी.

दर तीन तासांनी दूध. पिल्लाला पालथे धरायचे, नाहीतर दूध फुप्फुसात जाते. मग ओल्या कोमट कापसाने पुसून शू करवायची, कारण ते काम एरवी आईची जीभ करते. मग गरम पाण्याच्या बाटलीला पडद्याचे अस्तर गुंडाळून शेजारी ठेवायची. एवढे करून वहिनी यंत्रापाशी बूड टेकते न टेकते तोच पहिला पुन्हा ओरडायला लागे. तिच्या अगदी नाकी नऊ आले. पण रोज सकाळी माझा काटा दहा-बारा ग्रॅम पुढे सरकला, की तिचा चेहरा उजळे.

दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, चुळबुळ्या पाळ्यात गप्प बसला. माझा काटा नाचलाच नाही. त्याला जुलाब लागले होते. संध्याकाळपर्यंत तो वीस ग्रॅमने उतरला.

वहिनीने निवाऱ्यात फोन केला. निवाऱ्याचे डॉक्टर फक्त मंगळवारी येतात, असे कळले. बाहेरच्या डॉक्टरकडे न्यायचे तर निवाऱ्याच्या साहेबांची लेखी परवानगी हवी. न विचारता नेले, तर पिल्ले परत घेतली जातील. शुक्रवारी वहिनीने अर्ज नेऊन दिला. साहेब दौऱ्यावर होते.

शनिवारी सकाळी तिने चुळबुळ्याला पुन्हा माझ्यावर ठेवले. मी एकशे चाळीस दाखवले. थोड्या वेळाने पुन्हा ठेवले. मी एकशे चाळीसच दाखवले. वजनकाट्याला, मित्रांनो, जिवंत आणि मेलेले यातला फरक कळत नाही. माझ्यातली ही उणीव मला त्या दिवशी समजली.

दुपारी नणंद स्वतः कागद घेऊन आली. सही होती, शिक्काही होता.

"परवानगी मिळाली," ती म्हणाली. मग तिने टोपलीत पाहिले आणि खाली बसली.

वहिनीने कागद दोनदा वाचला. "वन्सं, हा आता कोणाला दाखवू?"

नणंदेने टोपलीवर कापड ओढले. ती एवढेच म्हणाली, "पूर्वी कोणीतरी पिल्लं एका भोंदू वैद्याकडे नेली होती. सगळी गेली. तेव्हापासून हा नियम झाला." मला वाटते ते खरेच असावे. त्या निवाऱ्याच्या प्रत्येक नियमाच्या मुळाशी कधीतरी घडलेली एखादी चूक होती. पण ती चूक करणारे निघून गेले आणि नियम मात्र चुळबुळ्याच्या वाट्याला आला.

चार दिवसांनी मुंगीला तेच सुरू झाले. या वेळी वहिनीने कोणाला फोन केला नाही. मुंगीला झग्याच्या खिशात घातले आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे सरळ चालत गेली. मुंगी वाचली. आठवडाभरात निवाऱ्याकडून तंबीचे पत्र आले. वहिनीने त्याची घडी घालून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

आठ आठवडे झाले की पिल्ले परत करायची असतात. वजन आठशे ग्रॅम असले तर ती दत्तक जातात. कमी असले, तर निरीक्षणाच्या पिंजऱ्यात. त्या सकाळी ढोल्या नऊशे दहा भरला, काजळी आठशे चाळीस. मुंगी सहाशे चाळीस. मी कितीही मनात आणले, तरी माझा काटा पुढे जाणार नव्हता. वहिनीने मलाही पिशवीत घातले आणि निवाऱ्यात नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवले.

साहेब उंच, नीटनेटके, हळू बोलणारे होते. "बाई, काटा आमच्याकडेही आहे," ते म्हणाले.

"आहे ना. पण रोजची वजनं माझ्याकडे आहेत. ही रोज बारा ग्रॅमनं वाढतेय. चौदा दिवसांत आठशेच्या वर जाईल. तेवढे दिवस हिला माझ्याकडे राहू द्या."

"त्यासाठीच तर निरीक्षणाचा पिंजरा आहे. तिथे माणूस नेमलाय."

"तीस पिल्लांमागे एक माणूस. ही अजून हातानं भरवल्याशिवाय खात नाही, साहेब."

"आज तुम्हाला सूट दिली, तर उद्या प्रत्येकजण मागेल."

"मग मीच दत्तक घेते. कागद द्या, सही करते."

"सांभाळणाऱ्यांना दत्तक देत नाही आपण. दिलं असतं, तर एकही तात्पुरतं घर मोकळं राहिलं नसतं." हे ते रागाने म्हणाले नाहीत. म्हणूनच वहिनीला भांडायला काही धरताच येईना. नणंद दारात उभी होती, खाली मान घालून. मुंगीला तिच्या हाती देताना वहिनी तिच्याशीही बोलली नाही, आणि तशीच तरातरा निघून गेली. मी टेबलावरच राहिलो.

नणंदेने मला उचलून आपल्या खिडकीपाशी ठेवले. ढोल्या आणि काजळी चारच दिवसांत एका चष्मेवाल्याच्या घरी गेली, दोघे एकत्र. मुंगी नऊ नंबरच्या पिंजऱ्यात बसली. रोज सकाळी नणंद तिला माझ्यावर ठेवी आणि तक्त्यात आकडा लिही. सहाशे पंचवीस. सहाशे पाच. पाचशे सत्तर. पिंजऱ्यातली वाटी भरलेली असे. ताप नाही, रोग नाही, म्हणून तक्त्यात "प्रकृती ठीक" असाच शेरा होता.

सहाव्या दिवशी मी पाचशे तीस दाखवले. नणंद आकडा न लिहिता तशीच उभी राहिली. मग तिने मुंगीला ओढणीत गुंडाळले, मला काखोटीला मारले आणि साहेबांच्या खोलीत गेली.

"मी हिला वहिनीकडे नेतेय."

"कोणाच्या परवानगीनं?"

"तुमची आली तेव्हा एक पिल्लू मेलेलं होतं, साहेब. या वेळी मी आधी नेते. लिहून देते, माझ्या सहीनं."

"याचं उत्तर द्यावं लागेल तुम्हाला."

"देईन."

घरी वहिनीने दार उघडले. वहिनीने मुंगीला घेतले, बोटावर खाणे लावून तिच्या तोंडाशी धरले, आणि नणंदेने चहा टाकला. मुंगीने बोट चाटले, मग चावले. "आई गं," वहिनी म्हणाली आणि रडू लागली.

नणंदेची खिडकी गेली. तिला मागे खाद्याच्या पोत्यांच्या गोदामात टाकले. वहिनीलाही पत्र आले, पण पंचवीस दिवसांनी: आपले नाव सांभाळणाऱ्यांच्या यादीतून काढण्यात येत आहे, पिल्लू ताबडतोब जमा करावे. त्या दिवशी मुंगी माझ्यावर आठशे दहा भरली होती.

पत्र नणंदेनेच नीट वाचले. "वहिनी, तू आता सांभाळणारी राहिली नाहीस. मग तुला दत्तक द्यायला त्यांची काय हरकत?"

दुसऱ्या दिवशी दोघी मुंगीला घेऊन गेल्या. साहेबांनी ते पत्र उलटसुलट पाहिले, नियमांचे पुस्तक काढले, वाचले. "नियमात बसतंय," ते म्हणाले आणि सही केली. माझ्या मते त्यांना बरेही वाटले असावे. पण तसे वाटल्याचे कुठे लिहायचे, हे त्यांच्या पुस्तकात नसेल.

गोष्ट इथे संपली असती, तर मी आज एवढ्या त्राग्याने बोललो नसतो.

पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी नणंद कामावरून आली आणि यंत्राशेजारी बसून राहिली. आदल्या दिवशी दुपारी पाच पिल्ले आली होती, डोळे मिटलेली. खिडकीवर बसणाऱ्या नव्या मुलीने यादीतल्या सगळ्या घरांना फोन केले. सगळी भरलेली होती, आणि पाच वाजून गेले. गोदामापर्यंत बातमी आली ती आज सकाळी.

"मला का नाही कोणी विचारलं?" वहिनी म्हणाली. "माझी टोपली रिकामीच आहे."

"तुझं नाव यादीत नाही ना, वहिनी."

वहिनीने यंत्राचे चाक हाताने थांबवले.

दर सोमवारी आता दोघी निवाऱ्यात अर्ज घेऊन जातात. मागणी एकच: यादीत नाव परत घाला आणि आजारी पिल्लासाठी परवानगीची वाट पाहायला लावू नका. आतापर्यंत सात अर्ज झाले आहेत. उत्तर येते, "विचाराधीन आहे." आठवा अर्ज टेबलावर लिहून ठेवला आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण उद्या मोठे होऊन खुर्चीवर बसाल आणि नियम लिहाल. जरूर लिहा, नियमांशिवाय चालत नाही. पण लेखणी टेकवण्याआधी, ज्याच्यासाठी नियम करता आहात त्याला एकदा तळहातावर घ्या. वजनाकडे पाहू नका, ते मी सांगेन. तो थरथरतो आहे का, एवढे बघा. मला ते कळत नाही. तुम्हाला कळते.