चेतनच्या गळ्यातली माळ

"माळ घालताना हात थांबवायचा नाही, अक्का. हात थांबला की देवी दारातच उभी राहते."

यशवंतअण्णांनी हे मला गोंधळाच्या आदल्या दिवशी बजावलं होतं. ते आमच्या घराण्याचे गोंधळी. हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या आमच्या घरी लग्न झालं की अळणावरजवळच्या गावाहून ते येतात, चौक मांडतात, संबळाच्या तालावर देवीला हाक मारतात. माझ्या लग्नात ती हाक त्यांच्या वडिलांनी मारली होती. आता अण्णांचा आवाज मध्येच फाटतो. मुलगा नाही, विद्या दिली ती लेकीच्या लेकीला, योगिताला. तेलाच्या रिकाम्या डब्यावर तिचा ताल पक्का झाला, मगच त्यांनी तिच्या कमरेला संबळ बांधला.

पण नुसती विद्या येऊन भागत नाही. शिकणाऱ्याच्या पहिल्या गोंधळाला यजमानाच्या घरची बाई स्वतः ओवलेली कवड्यांची माळ ज्याच्या गळ्यात घालते, त्यालाच पुढं देवीला हाक मारता येते. माळ नसेल तर कितीही येत असो, तोंड मिटून साथ करायची.

माझ्या अमितच्या लग्नात ती माळ योगिताला घालीन, असं मी कलशाला हात लावून कबूल केलं होतं. रोज पूजा झाली की, पाण्याचा घोट घ्यायच्या आधी, एक कवडी ओवायची. माझ्या इतर नेमांत तो एक नेमच होऊन बसला.

गोंधळाच्या संध्याकाळी चौक मांडला. योगिता मान खाली घालून पुढं उभी राहिली. शेजारी दिवटी धरून तिचा मावसभाऊ चेतन. तो इथंच हुबळीत मोबाइल दुरुस्त करतो. दिवटीला माणूस नव्हता म्हणून आला होता.

मी माळ उचलली, आणि मागून माझ्या नणंद कुसुमावती म्हणाल्या, "अगं वत्सला, पोरीच्या गळ्यात? उद्या ही लग्न करून जाणार. मग आपली देवी काय हिच्या सासरी धाडायची?"

बायका हसल्या. नव्या विहीणबाईही हसल्या. कुणीतरी कानडी हेलात म्हणालं, "एन्री, काय हो, नातू बाजूलाच उभा आहे की!"

माझा हात थांबला. मी जन्मात कुणाला मोठ्यानं बोललेले नाही. लोक त्याला माझा सात्त्विकपणा म्हणतात. थांबलेला हात पुन्हा उचलला तो बाजूला वळला. माळ चेतनच्या गळ्यात पडली.

"काकू, ओ काकू, मला नाही, मला नाही," तो कुजबुजत होता. हातात पेटती दिवटी, मान तरी कशी काढून घेणार? तोवर टाळ्याही पडल्या.

योगितानं माझ्याकडं पाहिलं नाही. संबळावर काठी टाकली. देवीला हाक शेवटी अण्णांनीच मारली. आमच्या कुलस्वामिनीच्या नावाशी आले आणि त्यांचा आवाज गेला. नाव बाहेरच येईना. तेवढ्या जागेत योगितानं संबळ असा घुमवला की कुणाला काही कळलंच नाही. मला कळलं. ज्या तोंडून ते नाव यायचं, ते मिटलेलं होतं. मीच मिटलं होतं.

निघताना अण्णांनी नेहमीसारखा मला भंडारा लावला. "येतो अक्का," एवढंच म्हणाले. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून पूजा होते, पण देवीकडं बघवत नाही. जास्तीचे उपासही धरले. पोट रिकामं झालं, दुसरं काही झालं नाही.

काल चेतन घरी आला. रुमालात बांधलेली माळ माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "ही घ्या, काकू. गिऱ्हाईकं विचारतात, स्वामी कधी झालास म्हणून. मला आरतीसुद्धा धड येत नाही हो."

"योगिता काय म्हणते?"

"काय म्हणणार! संबळ खुंटीला लावलाय. आजोबा म्हणाले, काढ गं खाली. तर म्हणते, तुमच्या मागं वाजवीन, पण तुमच्यानंतर कुणाच्या मागं?"

मी माळेवर हात ठेवला. "मग हीच तिला घातली तर?"

"विचारलं मी आजोबांना. एका गळ्यातली दुसऱ्या गळ्यात चालत नाही. दोरा तोडायचा, कवड्या धुवायच्या, नव्या दोऱ्यात ओवायच्या." रुमालाची घडी घालत तो म्हणाला, "आणि घालायची ती गोंधळातच, सगळ्यांच्या देखत."

तो गेल्यावर मी दोरा तोडला. कवड्या हळदीच्या पाण्यात धुऊन देवीपुढं ठेवल्या. आज पूजेनंतर एकाच बैठकीत सगळ्या ओवल्या आणि अमितला सांगितलं, "मंगळवारी घरी गोंधळ घालायचाय."

"आत्ताच तर झाला की, आई!"

"माझा झाला नाही रे."

गोंधळाचं आवतण फोनवर देत नाहीत. सुपारी घेऊन दारात जावं लागतं. पिशवीत सुपारी, नारळ आणि माळ घेतली. कुसुमावतींचं घर वाटेतच आहे. त्या दारात रांगोळी घालत होत्या.

"वन्सं, मंगळवारी गोंधळ आहे. पुढं येऊन बसा."

"आता कसला गं?"

"योगिता घालणार आहे. माळ मी घालणार."

त्यांनी रांगोळीची चिमूट तशीच धरली. "लोक काय म्हणतील, वत्सला?"

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात तेच म्हणतील," मी म्हटलं. आवाज नेहमीसारखा बारीकच निघाला, पण निघाला.

योगिता माझ्या हातची सुपारी घेईल की नाही, ठाऊक नाही. मी पिशवी पदराखाली धरली आणि अळणावरच्या बसकडं चालू लागले.