एप्रिलमधले टोमॅटो

विलीचे टोमॅटो कमरेपर्यंत आले होते, आणि कॉन्सेप्टाला नेमके तेच खटकले.

शुक्रवारी संध्याकाळी कॅनडाहून त्याचा फोन यायचा. दुबईतल्या एका हॉटेलच्या हिशेबखात्यातली नोकरी सोडून विली ऑक्टोबरात एकटाच पुढे गेला होता. ओंटारियोतल्या एका लहान गावात ऑफिसातले काम मिळाले, मागे अंगण असलेले घर मिळाले, असे तो सांगत असे. कॉन्सेप्टा आणि दहा वर्षांची रोशेल अजून शारजात, रोल्ला भागातल्या जुन्या फ्लॅटमध्ये होत्या. ठरले होते ते असे: एप्रिल संपायच्या आत कॉन्सेप्टाने नोकरीची नोटीस द्यायची आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की मायलेकींनी विमानात बसायचे. नोटीस दिली की परतीचा रस्ता बंद होणार होता. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की फ्लॅट जातो, आणि तिच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेली माणसे तिला नावानिशी ठाऊक होती.

“मागच्या अंगणात टोमॅटो लावलेत,” एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी विली म्हणाला. “काय जोर धरलाय, कॉन्सी! आत्ताच कमरेपर्यंत. तुम्ही आलात की खाऊन खाऊन कंटाळाल.”

त्याच बोलण्यात, दोन वाक्ये आधी, त्याने सकाळी दारातला बर्फ फावड्याने ओढल्याची तक्रार केली होती.

कॉन्सेप्टा शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका प्रयोगशाळेत गोठवलेल्या कोंबड्यांमधले जिवाणू मोजत असे. जन्म मात्र वसईच्या वाडीतला. केळी आणि पानवेल यांच्यामध्ये वाढलेल्या मुलीला रोपाचे वय उंचीवरून सांगता येते. बर्फाची जमीन तेवढी तिने पाहिली नव्हती. म्हणून चर्चमधल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत थंड प्रदेशातल्या बागकामावरचे एक जाडजूड पुस्तक मिळाले तेव्हा तिने ते परीक्षेला बसल्यासारखे वाचून काढले होते.

पुस्तकाचे म्हणणे स्वच्छ होते. जमीन वितळली, तरी लगेच कुदळ मारायची नाही. मूठभर माती घ्यायची आणि दाबायची. गोळा झाला तर थांबायचे. भुगा होऊन सुटली तर पेरायचे. पहिला मान वाटाण्याचा, पालकाचा, कांद्याच्या रोपांचा, कारण त्यांना थंडी सोसते. टोमॅटोचे बी तोवर घरात, खिडकीशी, कुंड्यांत वाढवायचे. मग रोपे दिवसा थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून वाऱ्याला सरावू द्यायची, आणि रात्रीचे गोठण पुरते थांबल्यावर, म्हणजे त्या भागात मे निम्मा उलटल्यावर, जमिनीत लावायची. एप्रिलच्या आरंभी अंगणात कमरेएवढा टोमॅटो? तो टोमॅटो तरी खोटा होता, नाहीतर अंगण तरी.

सोमवारी तिने ही शंका शहनाझला सांगितली. शहनाझ तिच्या शेजारच्या टेबलावर दुधाचे नमुने तपासायची.

“अरे हबीबी, मर्द लोग औरत के बारे में झूठ बोलते हैं, कमाई के बारे में बोलते हैं,” शहनाझ म्हणाली. “टमाटर के बारे में कौन झूठ बोलता है?”

“वही तो! टमाटर छुपाने के लिए कोई टमाटर का झूठ नहीं बोलता. उसके पीछे कुछ और है.”

“दूसरी औरत?”

कॉन्सेप्टाने पुढचा नमुना ओढला. ती शक्यता तिने रविवारीच तपासून बाजूला ठेवली होती, फेटाळली नव्हती.

प्रयोगशाळेत कोणत्याही चाचणीबरोबर एक कोरी बशी ठेवतात. तिच्यात काहीच घातलेले नसते. तरीही तिच्यात काही उगवले तर सगळी चाचणी संशयास्पद ठरते. पुढच्या शुक्रवारी कॉन्सेप्टाने विलीसमोर अशीच एक कोरी बशी ठेवली.

“विली, वाटाणे टाकलेस का? पुस्तकात लिहिलंय, टोमॅटो फुलावर आले की मग वाटाणे पेरायचे.”

“करेक्ट,” विली म्हणाला. “ते नंतरच. इथे सगळे तसंच करतात.”

पुस्तकात नेमके उलटे होते. कोऱ्या बशीत उगवले होते.

“आणि टोमॅटोला आधार काय दिलास?”

येथे मात्र विलीचा आवाज बदलला. “काठी नाही द्यायची, कॉन्सी. वर तार असते, तिला सुतळी बांधून खाली सोडायची, खोड तिच्याभोवती फिरवत न्यायचं. पानाच्या बेचक्यातली बगलफूट चिमटीने मोडायची, पण सकाळीच. म्हणजे जखम दुपारपर्यंत सुकते, रोग शिरत नाही.”

“अंगणात वर तार कशाला?”

“असते,” विली म्हणाला. “रोशेलला दे ना जरा.”

कॉन्सेप्टा गोंधळली. वाटाण्याबद्दल या माणसाला काडीची माहिती नव्हती. टोमॅटोबद्दल तो जे बोलला ते मात्र ऐकीव नव्हते. बगलफूट केव्हा मोडावी हे ज्याने ती मोडली आहे तोच सांगतो. अंगण खोटे आणि टोमॅटो खरे, ही दोन निरीक्षणे एका खोलीत कशी नांदवावी?

“मम्मा!” रोशेल फोनला कान लावूनच खिदळली. “डॅडी सेज हिज हँड्स आर ग्रीन! अँड व्हेन ही वॉशेस, द सोप टर्न्स येलो! लाइक अ मॉन्स्टर!”

कॉन्सेप्टाने गॅलरीकडे पाहिले. तेलाच्या कापलेल्या डब्यांतली तिची टोमॅटोची चार झाडे उन्हाने करपायला लागली होती. सबंध हिवाळा तिने त्यांची बगलफूट मोडली होती. बोटांच्या टोकांना जेमतेम हिरवट डाग पडायचा, एका धुण्यात जायचा. फेस पिवळा होण्याइतका चीक दोन्ही तळहातांवर चढायला अंगण पुरत नाही. त्याला ओळीच्या ओळी लागतात, दिवसच्या दिवस लागतात. आणि बाहेर बर्फ असताना वर काच लागते.

तिने रोशेलच्या हातून फोन घेतला आणि तिला टीव्हीसमोर पाठवले.

“विली, किती ओळी आहेत?”

“कसल्या ओळी?”

“काचेखालच्या.”

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला.

“ऑफिसात कुणी घेतलं नाही, कॉन्सी,” विली म्हणाला. “म्हणतात, इथला एक्स्पीरिअन्स कुठे आहे? ग्रीनहाउसवाल्यांनी काही विचारलं नाही. घर पण नाही. तळघरातली खोली आहे. अंगण आहे, पण घरमालकाचं.”

“आणि कोण आहे?”

“कोण म्हणजे? पाण्याचा बॉयलर आहे. रात्रभर घोरतो.”

तिला हसू आले, ते तिने दाबले. “मला का नाही सांगितलंस?”

“तू आली नसतीस.”

“तो निष्कर्ष माझा मी काढला असता. तू कोण परस्पर काढणार?”

वाडीत वाढलेल्या बाईला चिकाचे हात नवे नव्हते. हिरव्या हातांच्या माणसाशी संसार करता येतो. ज्याचे कुठलेही वाक्य पडताळून घ्यावे लागेल अशा माणसाच्या भरवशावर पोरीला घेऊन समुद्र ओलांडावा की नाही, एवढाच प्रश्न उरला होता.

“मागच्या अंगणात जा,” ती म्हणाली. “मूठभर माती घे आणि दाब. काय होतं सांग.”

“आत्ता? अगं, घरमालक बघतोय किचनमधून.”

“बघू दे. यल्ला, चल लवकर.”

दार करकरले, बूट वाजले. मग धापा टाकत विली म्हणाला, “गोळा झाला. पाणी सुटतंय.”

“मग अजून वेळ आहे. दर शुक्रवारी बघायचं. भुगा होईल तेव्हा मी नोटीस देणार. त्याच्या आधी नाही.”

“आणि एप्रिल संपला तर?”

“तर संपला.”

शहनाझने हा करार ऐकून कपाळाला हात लावला. “अगले फ्रायडे को बोल देगा, मिट्टी एकदम तैयार है. चेक करने तू जाएगी?”

कॉन्सेप्टालाही तसेच वाटत होते. विलीला त्या दोघी तिथे हव्या होत्या, आणि त्या मिळवायला एक शब्द पुरेसा होता. मधल्या शुक्रवारी उत्तर आले, गोळा. त्याचे तिला काही वाटले नाही. मुदतीला अवकाश होता, लबाड माणूसही तेव्हा थांबला असता. खरी चाचणी एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारची होती. फोन वाजला तेव्हा ‘भुगा’ हा शब्द ऐकण्याची तिने जवळजवळ तयारी करून ठेवली होती, आणि त्यापुढे काय बोलायचे याचीही.

“गोळाच होतोय,” विली म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. “आठवडाभर पाऊस होता गं. दाबलं की बोटांच्या खुणा तशाच राहतात, आणि वास येतो, साचलेल्या पाण्यासारखा. आज तरी सांगता येईल असं वाटलं होतं.”

बोटांच्या खुणांचे तिने त्याला सांगितले नव्हते. वासाचे तर पुस्तकातही नव्हते. स्वतःला नको असलेले उत्तरही या माणसाने खरे दिले होते.

“मग नोटीस राहिली,” विली म्हणाला.

“फोन ठेव. हात धू.”

शनिवारी सकाळी कामावर गेल्या गेल्या तिने मॅनेजरला गाठून नोटीस दिली. ती परत येऊन टेबलाशी बसली, तेव्हा शहनाझने भुवया उंचावल्या.

“तो मिट्टी तैयार हो गई?”

“नहीं,” कॉन्सेप्टा हातमोजे चढवत म्हणाली. “अभी भी गीली है.”

तिने पुढची कोंबडी ओढली. बॉयलर खरोखरच घोरतो का, हे ती पहिल्याच रात्री ऐकून ठरवणार होती.