फवारलेल्या बागेशेजारचा कोतवाल

मी नेरे गावचा कोतवाल बोलतोय. काळा, दुभंगल्या शेपटीचा पक्षी. संशय घेणं हेच माझं काम. माणसाच्या हातात काय आहे, हे पाहिल्याशिवाय मी पंख मिटत नाही.

ब्याण्णवचा उन्हाळा होता. आंब्याच्या बेचक्यात आमची तीन पिल्लं. हवेत किडे भरपूर असले की मी विजेच्या तारेवर बसायचो; झेप घ्यायची, पकडायचा, परत तारेवर. कमी झाले की खाली उतरून म्हशींच्या मागे फिरायचं, त्यांच्या पायांमुळे गवतातून उडेल ते टिपायचं.

शेजारी मुंबईच्या कुणा शेठचं नवं फार्महाउस झालं होतं. एके दिवशी तिथल्या बागेत पाठीला पंप लावून एक माणूस फवारत फिरला. दुसऱ्या दिवशी हवा रिकामी. म्हशींच्या मागेही काही उडेना. झाडांखाली मात्र टोळ नुसते पडलेले, पाय हलवत. मला ते पटेना. पळून न जाणारा टोळ मी पाहिलाच नव्हता. पण पिल्लांच्या चोची उघड्याच होत्या.

मी एक टोळ उचलला, तोच शेजारी ढेकूळ येऊन फुटलं. बागेत रोजावर काम करणारी साळू हात उगारून धावत आली. मी टोळ टाकून उडालो. ही मला मारायलाच टपलीय, अशी खात्री झाली.

"लागला का गो त्याला?" तिच्या नवऱ्यानं, पांडूनं, कुंपणापलीकडून विचारलं.

"लागाया नाय मारला. इख हाय त्या किड्यांत. सकाळीच मेलेल्या साळुंक्या उचलल्या मी."

माझी जोडीदारीण बागेच्या दुसऱ्या टोकाला उतरली होती. मी ओरडत गेलो, पण तिनं खाल्लं होतं. दुपारी ती फांदीवरून पडली. साळूनं तिला उचललं तेव्हा मी साळूच्या डोक्यावर झेपा घेत राहिलो. तिनं डोक्यावर पदर ओढला आणि खड्डा खणून तिला पुरलं.

"मांजरानं खाल्ली तं मांजर पण मरंल," ती पांडूला म्हणाली.

पांडू पलीकडच्या शेतात राब भाजत होता. भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पसरलेला पालापाचोळा पेटला, की त्यातून किडे उसळून वर येतात. पण तिथं माणसं काठ्या घेऊन उभी असतात, म्हणून मी कधी गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो. पांडूच्या काठीवर एक डोळा ठेवून धुरातून टोळ पकडत राहिलो. त्यानं काठी उचलली, पण ती विस्तवात घातली.

तीनपैकी दोन पिल्लं उडाली.

आता माझ्या पंखांत तेवढा जोर नाही. एकच मागणं आहे. फवाराल त्या दिवशी बागेत कुणीतरी उभं करा, आम्हाला हाकला. आम्ही तुमच्यावर संशय घेऊ, डोक्यावर झेपा घेऊ. तरीही हाकला.