विहीणबाईंनी नाकारलेला फोन

राधिकेचं लग्न झालं ते वर्ष २००४. डिसेंबरचे दिवस होते, पुण्यातलं एक मंगल कार्यालय होतं, आणि त्या मांडवात मी पहिल्यांदा डब्यातून बाहेर आलो. आता माझी आठाची कळ दाबली जात नाही. पाठीचं झाकण रबर लावून बसवलेलं आहे. मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. आयुष्यात मी कुणाचं वाईट चिंतलं नाही. एका बाईंचं सोडून.

मला विकत घेतलं राधिकेच्या वडिलांनी, गुरुनाथरावांनी. त्यांचे जावई ऋषी अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी नावाच्या गावी नोकरीला होते. आज ना उद्या ऋषींची आई तिकडे जाणार, तिला उपयोगी पडेल अशी वस्तू मानाला द्यावी, असं गुरुनाथरावांच्या मनात आलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, इथले बरेच फोन अमेरिकेत मुके होतात. हा तीन बँडचा आहे. तिकडेही बोलेल." मग इतर देखणे फोन बाजूला ठेवून त्यांनी मला उचललं.

राधिकेची आई सुहासिनीबाई. त्यांनी मला तबकात नारळ आणि खण यांच्या मधे ठेवलं आणि विहिणीपुढे नेलं. विहीण म्हणजे ऋषींची आई, नागपूरच्या कांचनबाई. त्यांनी मला उचललं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "याच्यात फोटो नाही निघत?"

"फोटो नाही, पण हा तिकडे..." गुरुनाथराव सांगायला लागले.

"आमच्या दूधवाल्याजवळसुद्धा फोटोवाला आहे, बाप्पा!" कांचनबाई म्हणाल्या. "राहू द्या. तुम्हालाच होईल."

आणि त्यांनी मला परत तबकात ठेवलं. वऱ्हाडी मंडळी हसली. सुहासिनीबाईही हसल्या. पण त्यांचं बोट तबकाची कड नखाने खरवडत होतं. मी तबकात होतो, म्हणून ते फक्त मला कळलं. लोक म्हणतात यंत्राला मन नसतं. नसेल. पण अपमान कळायला मन कशाला लागतं?

त्या दिवसापासून मी सुहासिनीबाईंचा झालो. इतर बायका फोन पिशवीत टाकत, त्या मला रुमालात गुंडाळून ठेवत. फोन आल्यावर मला कानाला लावायच्या आधी पदराने पुसत. आम्ही दोघं एकच गोष्ट मनात धरून होतो, आणि वाट बघत होतो.

पुढच्या वर्षी राधिकेला दिवस गेले. बाळंतपणाला आईने जायचं आणि तीन महिन्यांनी सासूने, असं ठरलं. निघण्यापूर्वी गुरुनाथरावांनी माझं रोमिंग चालू करून घेतलं आणि बायकोला बजावलं, "हे बघ, तिकडे तू फोन केलास तरी पैसे, आलेला घेतलास तरी पैसे. फक्त वाजलेला उचलला नाहीस तर फुकट. मी रोज एकदा वाजवून बंद करीन. म्हणजे मी बरा आहे. तूही तसंच कर. दोनदा वाजला तर मात्र उचल."

अशी आमची अमेरिकेतली नोकरी सुरू झाली. खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ होता. थंडीने माझी बॅटरी लवकर उतरे, म्हणून सुहासिनीबाई मला स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवत. सकाळी मी एकदा वाजे. त्या लाजल्यासारख्या हसत आणि पुण्याला एक घंटा परत पाठवत. एकही पैसा न मोडता नवराबायकोचं बोलणं होई. मित्रांनो, न उचललेल्या फोनमध्येही इतकं बोलता येतं, हे मला तिकडे कळलं.

बाळंतपण जवळ आलं तसा एकदा ऋषींच्या घरच्या फोनवर कांचनबाईंचा फोन आला. मी टेबलावर शेजारीच होतो.

"विहीणबाई, मुलगा झाला की लगेच मला मिस्ड कॉल द्या. ऋषीला धावपळीत नाही सुचणार. पेढ्यांचं सांगून ठेवलं आहे मी."

"आणि मुलगी झाली तर?"

"मग राहू द्या. कळेल सावकाश."

सुहासिनीबाईंनी फोन खाली ठेवला. राधिका बाळाची टोपरी घडी करत होती. तिने विचारलं, "काय म्हणाल्या आई?"

"काही नाही गं. तुझी काळजी करतात."

मग त्यांनी मला हातात घेतलं. बोट उगाचच माझ्या कळांवरून फिरत राहिलं. ते बोट मी ओळखत होतो. तबकाची कड खरवडणारं तेच.

जानेवारीतल्या एका सकाळी राधिकेला मुलगी झाली. नर्सने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आजीच्या हातात दिलं. बाळ परत दिल्यावर त्या बाहेरच्या पॅसेजमध्ये आल्या, मला स्वेटरमधून काढलं आणि हळूच म्हणाल्या, "माझ्या नातीसाठी घंटा वाजणार नाही म्हणजे काय?"

त्यांनी नागपूरचा नंबर लावला. मी एवढ्या जिवाने कधी काम केलं नव्हतं. बर्फ, समुद्र, डोंगर ओलांडून मी ती घंटा कांचनबाईंच्या घरात नेऊन वाजवली. एकदाच. आणि आम्ही फोन बंद केला.

नागपुरात तेव्हा संध्याकाळ होती. ऋषींनी घरी फोन करून खरी बातमी सांगितली तोपर्यंत बराच उशीर झाला होता. आम्ही दोघं फोनची वाटच बघत होतो. मी वाजलो.

"तुम्ही मिस्ड कॉल का दिला हो?"

"नात झाली म्हणून दिला, विहीणबाई."

"तो मुलाचा ठरला होता!"

"तुम्ही ठरवला होता. मी हो म्हटलं नव्हतं."

"अहो, अख्ख्या कॉलनीत पेढे वाटून झाले माझे! शेजारच्या सुवर्णाताई विचारून राहिल्या, नातवाचं वजन किती? काय सांगू मी?"

"सांगा की. सव्वातीन किलो. नातीचं."

मित्रांनो, तो क्षण माझ्या आयुष्यातला सर्वात गोड क्षण होता. मांडवातलं ते हसू मी वर्षभर पोटात ठेवलं होतं. ते आज कांचनबाईंच्या दारात जाऊन पोचलं होतं. तिथेच आम्ही थांबायला हवं होतं. पण सुहासिनीबाईंच्या तोंडून जिंकल्याच्या भरात निघून गेलं, "बरं, आता थोडक्यात आवरा. इथे आलेल्या फोनचे पैसेही आम्हालाच पडतात."

"असं होय?" कांचनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम गोड झाला होता. माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवसापासून रोज फोन. "डिंकाचे लाडू केले का? बाळंतशेपा देता का? धुरी देता का? तिकडे तो घरातला भोंगा वाजतो म्हणे धुरीने." प्रश्न संपत आले की म्हणायच्या, "थांबा हं विहीणबाई, कुकर उतरवून येते." आणि रिसीव्हर ओट्यावर ठेवून निघून जायच्या. मग मला ऐकू येई नागपूरच्या कुकरची शिट्टी, टीव्हीवरची मालिका, दारात कुणाशी तरी चाललेल्या गप्पा. माझं अंग तापे. बॅटरीची एकेक रेघ पुसली जाई. सुहासिनीबाई मला कानाला लावून तशाच बसून राहत.

"आई, कट कर ना! नेटवर्क गेलं म्हणून सांग," राधिका चिडायची.

"मुलगी दिली आहे त्या घरात. कट कसा करू?"

एके दिवशी पुण्याहून मी दोनदा वाजलो. गुरुनाथराव होते. बिल आलं होतं. "अगं, तू तिकडे फोनवर पारायण लावलंयस का?"

"मी कुठे बोलते?" सुहासिनीबाई दात खाऊन म्हणाल्या. "मी नागपूरचा कुकर ऐकते."

त्या दिवशी त्यांनी मला चार्जिंगला लावलं आणि माझ्यापाशी बसून स्वतःशीच म्हणाल्या, "येऊ दे तिला इथे."

त्या आल्या मार्चच्या शेवटी. सुहासिनीबाई परत जायला आठवडा होता. बर्फ अजून वितळला नव्हता. कांचनबाईंच्या गळ्यात त्यांचा नवा फोन होता, चकचकीत, फोटो काढणारा. त्यांनी आल्या आल्या नातीचा फोटो काढला. मग नागपूरला फोन लावायला गेल्या आणि तो लागेना. त्यांनी तो खिडकीकडे धरला. शाल गुंडाळून मागच्या डेकवर जाऊन उंच धरला. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, पण मी हसत होतो.

"आई, तो इथे चालणारच नाही," ऋषी म्हणाले. "तुझा फोन ड्युअल बँडचा आहे. इथे ट्राय-बँड लागतो."

"पण यांचं कसं?" कांचनबाईंचा आवाज बारीक झाला. त्यांचे यजमान नरेंद्रराव नुकतेच हृदयाच्या दुखण्यातून उठले होते आणि घरी एकटे होते. "औषध घेतलं की रोज मिस्ड कॉल देणार होते ते. आता तो कुठे देतील?"

शनिवारी गावातल्या मराठी बायका बाळाला बघायला आल्या. दीपा, मंजुषा, आणखी दोघीतिघी. हळदीकुंकू झालं. तेव्हा सुहासिनीबाई आत गेल्या. त्यांनी माझ्यातलं त्यांचं सिमकार्ड काढलं, मला पुसलं आणि स्टीलच्या ताटात ठेवलं. बाजूला नारळ, बाजूला खण. ताट घेऊन त्या सगळ्यांसमोर कांचनबाईंपुढे उभ्या राहिल्या.

"विहीणबाई, फोटो निघत नाही हं याच्यात."

दीपाला काही कळलं नाही. "सो स्वीट, काकू!" असं म्हणून तीच एकटी टाळ्या वाजवायला लागली आणि मग थांबली. राधिकेने मान खाली घातली. कांचनबाईंच्या चेहऱ्यावर मांडवातला तो सगळा प्रसंग उलट्या पावली चालत आला. मला वाटलं, आता त्या ताट ढकलतील. ढकलावं अशीच माझी इच्छा होती.

त्यांनी मला उचललं. "वाजतो ना?" त्या म्हणाल्या. "मग झालं." आणि मला कमरेला खोचलं.

सुहासिनीबाई पुण्याला गेल्या. आता माझ्यात कांचनबाईंचं सिमकार्ड होतं आणि रोमिंग त्यांच्या डोक्यावर होतं. पुण्याहून सुहासिनीबाईंचा पहिला फोन आला तेव्हाच मला पुढचं कळलं. बाळाची चौकशी झाली आणि त्या गोड आवाजात म्हणाल्या, "थांबा हं विहीणबाई, कुकर उतरवून येते."

मी खूश होतो. पहिले दोन दिवस कांचनबाई ओठ आवळून पुण्याचा कुकर ऐकत बसल्या. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "उतरवा. मलाही कामं आहेत." आणि मला पाळण्यात, नातीच्या, म्हणजे इशिताच्या, गालाशी ठेवून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

इशिता माझ्याशी बोलायला लागली. आगू, अंगू, मग एक मोठी किंकाळी. पलीकडे शिट्टी होता होता थांबली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही, फक्त कुणीतरी श्वास धरून ऐकत होतं.

ऋषी खोलीत आले. "आई! फोन चालू आहे! रोमिंग किती एक्स्पेन्सिव्ह आहे, यू हॅव नो आयडिया!"

"हात नको लावू," आतून आवाज आला. "माझी नात बोलून राहिली आहे."

जिच्यासाठी एक फुकटची घंटाही नको होती, तिच्यासाठी! मला राग आला. माझा सूड मी इतका जपून आणला होता, तो असा पाळण्यात सांडून गेला.

कांचनबाई मला नागपूरला घेऊन गेल्या. परत कधी दिलं नाही. रोमिंग संपलं तरी फोन चालू राहिले. "काय, पेढेवाल्या बाई आहेत का घरी?" "आहेत. तुमचा तो फोटो न निघणारा डबा अजून वाजून राहिला." दोघीही एकमेकींना शेवटचा शब्द देत नसत. त्यांचं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. ते रोज ताजं केलं जाई.

मित्रांनो, जुना फोन अडगळीत टाकू नका. मधून मधून त्याला चार्जिंगला लावा. आणि ज्याच्यावर राग आहे, त्याचा नंबर खोडू नका. सूड घ्यायलासुद्धा समोर माणूस लागतं. नरेंद्ररावांनी मला पुण्याला परत पाठवलं तेव्हा सुहासिनीबाईंनी मला पदराने पुसलं, चार्जिंगला लावलं आणि म्हणाल्या, "शेवटचा शब्द स्वतःकडेच ठेवून गेली."

कांचनबाई १७ ऑगस्ट २००८ रोजी, राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात वारल्या.