आठव्या खांबापुढे

"मोठ्यानं म्हण. अजून मोठ्यानं."

"बे चोक आठ," दिशा ओरडली. "मम्मी, घसा दुखतोय."

"दुखू दे. थांबायचं नाही."

आठवा खांब मागं पडला होता. ओढा उतरून अल्याड आलं की उजेड संपायचा आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू व्हायचा, पुरुषभर उंच, थेट चिमाजीवाडीपर्यंत. दिशा पहिलीत होती. शाळा पाचला सुटायची, पण पोरं तिथंच सहापर्यंत अभ्यासाला बसायची; दिवाळी जवळ आली की सव्वासहालाच उसात अंधार साचायचा. श्रावणात याच वेळेला बिबट्यानं शेजारच्या चिमाजीचा कुत्रा ओट्यावरून उचलला होता. तेव्हापासून वृषाली रोज ओढा ओलांडून लेकीला आणायला जायची आणि येताना तिच्याकडून पाढे ओरडून घ्यायची. माणसाचा आवाज आला की जनावर वाट सोडतं, असं वनखात्याचा माणूस सांगून गेला होता. बेचा पाढा संपेपर्यंत निम्मी वाट व्हायची. तीनचा दिशाला अजून येत नव्हता, मग पुन्हा बेचाच.

वाटेच्या कडेला गवतात सहा लोखंडी खांब आडवे पडले होते. दोन हजार चारच्या निवडणुकीत वाडीनं ज्यांना मतांचा शब्द दिला ते आमदार झाले आणि त्यांनी दिव्याचे चौदा खांब मंजूर केले. कामाला चार वर्षं लागली. शाळेपासून ओढ्यापर्यंत आठ उभे राहिले आणि तेवढ्यात मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं आखल्या गेल्या. शाळा पल्याड जुन्नरात राहिली, वाडी अल्याड आंबेगावच्या यादीत गेली. आमदाराचा निधी आपल्या हद्दीबाहेर खर्च करता येत नाही म्हणे. ठेकेदाराची माणसं खांब टाकून गेली ती गेलीच.

वृषाली बी.ए. झालेली. राज्यशास्त्राच्या पेपरात तिनं मतदारसंघ पुनर्रचनेवर टीप लिहिली होती, दहापैकी सात गुण मिळाले होते. त्या टिपेत ऊस नव्हता.

घरी पोचली तर अंगणात जीप उभी. आंबेगावच्या एका उमेदवाराचा कार्यकर्ता हनुमंत सासऱ्यांसमोर बाजेवर बसला होता.

"जानकूबाबा, सहा खांब म्हंजे आमाला काय जड हाय का? वाडीची सत्तावन्न मतं द्या, गुलाल उडाला की म्हैन्याच्या आत तारा वढतो."

जानकूनं कपाळावरच्या भंडाऱ्याला बोट लावलं. बिरोबाच्या देवळातलं भंडाऱ्याचं ताट तीस वर्षं त्याच्याच हातात होतं. वाडी शब्द द्यायची ती ते ताट उचलून.

"पावणं, चहा घ्या. पर मतं न्हाई जमायची. दोन हजार चारला आमी भंडारा उचललाय. तो मानूस हुबा हाय तवर त्याला सोडून त्याच्या तोडीच्या कुनाला द्यायची न्हाईत."

"आवं, पर तो मानूस तुमच्या मिशिनवर न्हाईच ना आता! तिकडं जुन्नरात हुबा हाय तो!"

"हुबा हाय ना? मग झालं."

हनुमंत हसला. "बाबा, सरकारनं हद्द बदलली."

"सरकारनं बदलली. बिरोबानं न्हाई."

जीप गेल्यावर वृषाली भाकरी थापायची सोडून बाहेर आली. नवरा चांगदेव चाकणला कंपनीत, रविवारी यायचा. बोलायचं तर तिलाच बोलायला हवं होतं.

"मामा, ज्याला शब्द दिला त्याला मत देताच येत नाही आपल्याला. मग शब्द मोडतो कसा?"

"शब्दातनं त्यानंच मोकळं करायचं आसतं, पोरी. त्यानं न्हाई केलं."

"त्यांना आपली आठवण तरी असेल का?"

"आपल्याला हाय ना."

"आणि दिशाचं काय? रोज मी तिचा हात धरून त्या उसातनं येते मामा. एक दिवस मला ताप आला, तर?"

जानकू एवढंच म्हणाला, "मला कळत न्हाई आसं वाटतं का तुला?"

शेवटी वाडीनं तोडगा काढला. मतदान बुडवायचं नाही, पण निवडून येईल अशा तोडीच्या कुणालाही मत द्यायचं नाही. मशिनवर सगळ्यात खाली कपबशीवाला अपक्ष होता, कोण कुठला कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी कपबशी दाबायची.

मतदानाच्या दिवशी वाडीतल्या समाजमंदिराच्या खोलीत पुठ्ठ्याच्या आडोशामागं वृषाली उभी राहिली. बोटाला शाई ओली होती. बाहेर चिमाजी कुणाला तरी सांगत होता, "शेवटचं बटान गं आक्का, शेवटचं!" तिनं कपबशीकडं पाहिलं. मग वरचं, हनुमंतच्या उमेदवाराचं बटण दाबलं. मशिन पीं करून ओरडलं, केवढ्यानं तरी. बाहेर येताना तिनं पदर सावरला आणि कुणाच्याही तोंडाकडं पाहिलं नाही.

मोजणीनंतर दोन दिवसांनी हनुमंत मोटारसायकलवरून आला. अंगावर अजून गुलाल होता. गाडी बंद न करताच ओरडला, "राम राम मंडळी! तुमच्या केंद्राचा आकडा ऐका. कपबशी छप्पन्न, आन आमाला एक! एका मताला एक खांब बसवू का? का निम्माच?" आणि हसत निघून गेला.

वाडीत कुणी हसलं नाही.

रविवारी दुपारी सगळे बिरोबाच्या देवळापुढं जमले. चिमाजी तापला होता. "सत्तावन्नात एक फुटीर! आसं कदी झालं न्हाई. ज्यानं त्यानं ताट उचलायचं. लेकरं आसतील त्यांनी लेकराच्या डोक्यावर हात ठिवून."

जानकूनं ताट धरलं. एकेक जण पुढं येऊ लागला. चांगदेव आला, त्यानं उजव्या हातानं ताट उचललं, डावा दिशाच्या डोक्यावर ठेवला, म्हणाला, "म्या न्हाई," आणि मागं सरला.

वृषालीची पाळी आली. दिशा तिच्या कमरेला बिलगून उभी होती, केसांना तेल लावून दोन वेण्या घातलेल्या. या सगळ्यावर आपला विश्वास नाही, असं वृषाली स्वतःला सांगत होती. हळद आहे नुसती. हात ठेवायचा आणि दोन शब्द बोलायचे. नाही बोलले तर उद्यापासून या वाडीत कोण विचारणार? आजारी पडले तर पोरीला आणायला कुणाला सांगणार? तिचा हात उठला. वेण्यांच्या वर, वीतभर अंतरावर थांबला. खाली जाईना.

"ठिव की," चिमाजी म्हणाला.

जानकू सुनेकडं पाहत होता. त्या थांबलेल्या हाताकडं पाहत होता. मग त्यानं ताट मागं घेतलं.

"ऱ्हाऊ दे. बास झालं. ते मत माजं व्हतं."

चिमाजी पुढं सरसावला.

"काय बोलतो जानकू?"

"खरं तेच. दिसत न्हाई मला धड. बोट वर गेलं."

"बोट गेलं, का मन गेलं?"

"गेलं," जानकू म्हणाला. "काय गेलं ते इचारू नगं."

"मग उचल ताट, आन सांग तसं."

जानकूनं ताट उचललं नाही. ते त्यानं चिमाजीच्या हातात दिलं, धोतराला हात पुसले आणि सगळ्यांच्या मधून वाट काढत घराकडं चालू लागला. बायामाणसं बाजूला झाली. कुणी त्याला हाक मारली नाही.

खांब उभे राहिले नाहीत. एकसुद्धा नाही.

सोमवारी वृषाली निघाली तेव्हा बाज रिकामी होती. ओढा ओलांडून गेली तर आठव्या खांबाखाली जानकू उभा, हातात मेंढरांमागची जुनी काठी. दिशाचं दप्तर त्याच्या खांद्यावर होतं. तिला तो शाळेतूनच घेऊन आला होता.

"मामा..." वृषालीनं दप्तर घ्यायला हात पुढं केला.

"चल. अंधार पडतोय."

दिशा मान वर करून पाहत होती. "आज्जा, तुमचा भंडारा कुठंय?"

जानकूनं मोकळ्या कपाळावरून हात फिरवला. "घाम आला व्हता गं."

तिघं ओढा उतरले. उजेड संपला तिथं त्यानं दिशाला मधे घेतलं आणि गवतातल्या पहिल्या खांबावर काठी हाणली. लोखंडाचा आवाज उसात लांबवर गेला. पाच-दहा पावलं चालून त्यानं दुसऱ्यावर हाणली, मग तिसऱ्यावर.

"मी मोजू?" दिशानं विचारलं.

"मोज. मोठ्यानं मोज."