टक्कल आणि पोलादी कंगवा

मित्रांनो, मी एक जुना पोलादी कंगवा आहे आणि तीस वर्षांत मी कुणाचाही भांग पाडलेला नाही. माझे मालक जमिनीची मोजणी करत. डोक्यावर पूर्ण टक्कल. दुकानात त्यांनी माझ्या दात्यांमध्ये पेन्सिल घालून फट तपासली, तेव्हा दुकानदाराला हसू आवरेना. मालक म्हणाले, "हसा, हसा. वाळवंटात भेटा, मग सांगतो."

तिकडे एक निवडुंग असतो. नुसतं घासून गेलात तरी त्याचं अंड्याएवढं पेर तुटून अंगाला चिकटतं. काट्यांच्या टोकांना उलटी कुसळं, त्यामुळे सरळ ओढलं तर कातडीही सोबत येते. मालक मला कातडी आणि पेर यांच्यामध्ये सरकवत आणि एका झटक्यात ते दूर उडवत. उरलेले काटे चिमट्याने. खुंट्या ठोकणारे, मोजणीची काठी धरणारे, सगळ्यांना मी सोडवलं. बढाई मारत नाही, पण त्या पथकात माझ्याइतका मान साहेबांनाही नव्हता.

मग मालक निवृत्त झाले आणि त्यांची लेक त्याच कामाला लागली. त्यांनी मला तिच्या हातात ठेवलं.

"बाबा, आता बूट चांगले मिळतात हो," ती म्हणाली. पण त्यांचं मन मोडवेना, म्हणून तिने मला पिशवीच्या तळाशी टाकलं. वर्षभर मी तिथेच होतो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एका सकाळी समोरच्या काठीवर नजर ठेवून ती मागे मागे सरकत होती. मोजणीवाल्यांची ही खोडच! पाठीमागचा निवडुंग तिला दिसलाच नाही. पेर दंडाला चिकटलं. तिने ते उजव्या हाताने उपटलं, तर तळव्यात रुतलं. काठी धरून उभे असलेले ड्रायव्हर काका धावले, त्यांनीही हात घातला. आता दोघांचे तळवे एकाच पेराला! गाडी अर्ध्या तासावर, आणि जरा हललं तरी दोघंही कळवळत.

"ताई, डोळे मिटा. मी जोर लावतो."

"नको काका! काटे आत मोडतील. या हाताने मला काम करायचंय."

डाव्या हाताने तिने पिशवी वाळूत उपडी केली. मी बाहेर पडलो. तिने मला उचलून काकांच्या तळव्याखाली सरकवलं. दोन झटके, दोन हात मोकळे. माझा एक दाता तेवढा वाकला.

घरी खिडकीपाशी मालक चिमट्याने उरलेले काटे काढत होते. मी वर्षभर पिशवीच्या तळाशी होतो हे कळूनही ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "आधी कुणाला सोडवलंस?"

"काकांना."

"मग काम आलं तुला," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

तेव्हा मित्रांनो, काटेरी रानात मागे न बघता पाऊल टाकू नका. अडकलात तर हात लावू नका, घाबरून ओढू नका. आणि मी चटकन सापडेन असं मला वरच ठेवा. बाकीचं मी बघतो.